जाळीची दोरी

मशीन थांबवली ती भाभीनंच, डाव्या हातानं. उजवा हात दाबपट्टीखाली अडकलेला होता. लाल बटण खांद्याच्या उंचीवर, पलीकडच्या बाजूला. ते दाबायला तिला अंग पिळून वळावं लागलं. आम्ही तिघं तिथंच होतो. मी, माझा मुलगा आणि माझी सून. आमच्यापैकी कुणाचाही हात त्या बटणापर्यंत गेला नाही. माझ्या हातात वडी गुंडाळायचा कागद होता. तो मी घडी करून पाटीत ठेवला आणि मग उठले. घडी का केली ते मला आजही सांगता येत नाही.

भाभी लगेच ओरडली नाही. आधी नुसतं म्हणाली, "आक्का, ही थांबली न्हाई." एखादी एसटी थांब्यावर न थांबता निघून जावी तशी म्हणाली. मग तिनं हाताकडं बघितलं आणि मग ओरडली.

मशीन थांबली, पण दाबपट्टी खालीच राहिली. ती वर घ्यायची तर स्क्रीनवरूनच घ्यावी लागते. सून स्क्रीनसमोर उभी होती, तिची बोटं काचेवर भलतीकडंच पडत होती. मुलगा ओरडत होता, "वर घे, आधी वर घे!"

"घेतेय ना! ओरडू नका."

पट्टी वर गेली. मुलानं भाभीला मागून धरलं. मी लुगड्याचा पदर दातानं फाडला आणि तिचा हात बांधला. बोटांकडं बघितलं नाही असं म्हणणार नाही. बघितलं. गूळ कुठला आणि रक्त कुठलं ते ओळखू येत नव्हतं. मुलगा गाडी आणायला पळाला.

तेवढ्यात सुनेनं स्क्रीनवर चित्रांचं पान उघडलं. काचेवर हळदीचे वाळलेले पट्टे होते. ते तिनं तळहातानं पुसले, वाकून बघितलं आणि म्हणाली, "आत्या, जाळीची दोरी कुठं गेली?"

भाभीला अजून गाडीत घालायचं होतं. पण दोरी कुठं गेली ते मला तेव्हाच कळलं होतं.

दोरी म्हणजे काय ते आता सांगते.

आमचं गुऱ्हाळ यवत आणि कासुर्डीच्या मध्ये, हायवेपासून आत. माझे मालक होते तोवर ढेपा निघायच्या. आता लोकांना चहात टाकायला छोट्या वड्या पाहिजेत, म्हणून मुलानं वड्यांची मशीन बसवली. ती शिरूरच्या एका वर्कशॉपनं बनवली. सून त्याच वर्कशॉपमध्ये कामाला आहे. डिप्लोमा झालेली आहे. आठवड्यातून एकदोनदा चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूरला जाते, बाकीचे दिवस घरी लॅपटॉप घेऊन बसते.

मशीन तशी साधी. वर डबा, त्यात गरम गूळ. डब्याखाली साचा. साच्यावर दाबपट्टी येऊन बसते आणि वड्या पडतात. गूळ चिकट, साच्यात राहतो. म्हणून थोड्या थोड्या वेळानं पुढची जाळी उघडायची, ओल्या फडक्यानं साचा पुसायचा आणि जाळी परत लावायची. जाळी उघडली की दाबपट्टी आपोआप थांबायची. पुसायचं काम भाभीचं. भाभी म्हणजे आमची शेजारीण. यवतमध्ये त्यांचं घर आमच्याही आधीपासूनचं. तिचा नवरा टेम्पो चालवतो. माझ्यापेक्षा ती पुष्कळ लहान, पण माझी चेष्टा करायची तिला सवय आहे आणि मला ती करून घ्यायची.

मशीनच्या आत एक फाइल असते. कुणी कुणाचं ऐकायचं ते त्या फाइलीत लिहिलेलं असतं. जाळी उघडली की पट्टीनं थांबायचं, गूळ गार झाला की डब्यानं तोंड मिटायचं, वडी किती जाड, पट्टी किती जोरात. आधी हे सगळं इंग्रजी अक्षरं आणि कंस टाकून लिहिलेलं असायचं. वडी जरा पातळ करायची म्हटली तरी शिरूरहून माणूस यायचा. त्याच्याकडून एखादा कंस राहिला की मशीन मुकी व्हायची, आणि काहिलीतला गूळ काहिलीतच घट्ट व्हायचा.

ह्यावर सुनेला वर्कशॉपनं काम दिलं होतं. फाइल लिहायला लागू नये, चित्रं बोटानं हलवली की फाइल आपली आपण बदलावी, असं काहीतरी तिनं बनवायचं. गुऱ्हाळातल्या, डेअरीतल्या, कुठल्याही माणसाला ते जमलं पाहिजे. कुठलाही माणूस म्हणजे कोण, तर तिला घरात मी सापडले.

पहिल्यांदा तिनं ते मला दाखवलं तेव्हा मी लसूण सोलत होते.

"आत्या, यातलं काय कळतंय ते सांगा."

"काय बी न्हाई. नुसत्या चौकटी हायेत."

"ही चौकट म्हणजे जाळी."

"मंग जाळी काढ की. चौकट कशाला काढतीस?"

ती हसली नाही. तिनं ते लिहून घेतलं. दोन दिवसांनी चौकटीच्या जागी जाळीचं चित्र होतं, आमच्याच जाळीसारखं, एक कोपरा चेपलेला. मग पट्टीचं चित्र आलं, डब्याचं आलं. जाळीपासून पट्टीपर्यंत एक रेघ होती. तिला ती कनेक्शन म्हणायची.

मी म्हणाले, "ही दोरी हाय. जाळीच्या खुंट्याला पट्टी बांधलीय. दोरी हाय तवर पट्टी स्वतःच्या मनानं चालायची न्हाई."

"बरोबर, तसंच आहे ते."

"मंग दोरी म्हण."

तिनं दोरी म्हटलं. रेघेला पीळ दिला आणि खरोखर दोरीसारखी केली. दोरीवर बोट ठेवून बाजूला ओढली की सुटायची, टोकाला नेऊन ठेवली की बांधली जायची. मला बारीक दिसत नाही, म्हणून बदल झाला की 'टिक' असा आवाज कर, असं मी सांगितलं. तेही तिनं केलं.

मला ते चढलं, हे मान्य करते. माझी शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर कालवणात मीठ किती टाकू, याशिवाय मला कुणी काही विचारलं नव्हतं. आता ही शिकलेली पोर रोज दुपारी पाटावर लॅपटॉप ठेवायची आणि माझ्या तोंडाकडं बघत बसायची. मी तोंड वाकडं केलं की ती दुरुस्ती करायची.

एका गोष्टीवरून आमचं जमत नव्हतं. काहीही बदललं की एक पाटी वर यायची, 'हा बदल कायम करायचा आहे का?' खाली 'हो' आणि 'नाही'. हो दाबलं की मगच टिक.

"किती येळा विचारतीस गं? मशीन हाय का चौकीतला हवालदार?"

"एकदा विचारलेलं बरं असतं, आत्या. चुकून बोट लागलं तर?"

"बोट चुकून लागाया मी काय पाळण्यात हाय?"

"तुम्ही नाही. दुसरं कुणी."

"दुसरं कोण? भाभी त्या काचेला शिवत न्हाई. तुझ्या नवऱ्याला अजून फोनवरला गजर बंद करता येत न्हाई."

ती बरेच दिवस ऐकत नव्हती. पण ती माझ्याकडं बघायची, आणि तिला दिसायचं की पाटी वर आली की मी न वाचता हो दाबते. एकदा म्हणालीही, "तुम्ही वाचतच नाही."

"वाचायचं काय त्यात? रोज त्येच तर हाय."

तिनं विचार केला असेल की जे कुणी वाचत नाही ते असून उपयोग काय. किंवा मी रोज टोमणे मारून तिला बेजार केलं असेल. ती पाटी तिनं काढली. बोट उचललं की बदल कायम, आणि टिक. वर्कशॉपमध्येही सगळ्यांना ते आवडलं. शिरूरचे मालक म्हणे हसून म्हणाले, तुमच्या सासूबाईंना इथंच एक टेबल देऊ. हे मी गल्लीत प्रत्येक घरी जाऊन सांगितलं.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडं कोयते, झारे, काहील सगळं घासून मांडतात आणि पूजा करतात. आमच्या घरात एक रीत आहे, ती माझ्या सासूची. विझलेल्या वस्तूला कुंकू लावायचं नाही. कोयता घासून चमकला पाहिजे, चुलवणात निखारा पाहिजे, ट्रॅक्टर असेल तर त्याचे दिवे लावायचे आणि मग हळद-कुंकू. मलूल पडलेल्या वस्तूला कुंकू लावलं की ती वर्षभर रुसते, असं ती म्हणायची. मी ते तसंच पुढं चालवलं, का ते कधी विचारलं नाही.

सून त्या दिवशी शिरूरला होती, वर्कशॉपच्या पूजेला. मशीनसमोर उभी राहिले तर स्क्रीन काळा. मी मुलाला म्हणाले, "दिवा लाव त्याला."

"आई, पूजेच्या दिवशी मशीन चालवत नसत्यात."

"चालव कुठं म्हणतीय? नुसतं तोंड उजळ. काळ्या तोंडाला कुंकू लावू व्हय?"

त्यानं स्क्रीन लावला. त्यावर नुसते आकडे आले. आकड्यांना काय कुंकू लावायचं? चित्रांचं पान कसं उघडायचं ते मला येत होतं. मीच उघडलं. जाळी, पट्टी, डबा, सगळ्या दोऱ्या जागच्या जागी. आपण सांगितलेलं सगळं दिसतंय, हे बघून मला बरंच वाटलं. वाटीत बोटं बुडवली आणि काचेवर वरून खाली हळदीचे पाच पट्टे ओढले. त्यावर कुंकवाचे ओढले.

मशीननं टिक केलं.

भाभी झेंडूचा हार घेऊन माझ्यामागं उभी होती. हार तिनंच ओवला होता. तिच्यासारखा हार यवतमध्ये कुणी ओवत नाही. बोटं दिसायची नाहीत, नुसता हार लांब होताना दिसायचा. ती म्हणाली, "बघा आक्का, मशीन लाजली."

आम्ही सगळे हसलो. तिनं हार घातला, मी नारळ ठेवला, मुलानं मेन स्विच बंद केला.

संध्याकाळी सून आली. काच बघून म्हणाली, "अगंबाई, इथं कशाला लावलं?" आणि फडकं उचललं.

मी म्हणाले, "कुंकू पुसू नको. आपसूक जाईल." तिनं फडकं ठेवून दिलं. दसरा झाला, सोनं वाटून झालं आणि गुऱ्हाळ परत सुरू झालं. आकड्यांच्या पानावर सगळं हिरवं होतं. चित्रांचं पान उघडायचं त्या दिवशी कुणाला कारण नव्हतं. साच्यात गूळ चिकटला तशी भाभीनं रोजच्यासारखी जाळी उघडली आणि ओलं फडकं घेऊन हात आत घातला.

यवतच्या दवाखान्यात त्यांनी नीट बांधून दौंडला न्यायला सांगितलं. गाडी मुलगा चालवत होता. मागं सून आणि मी, मध्ये भाभी. तिचं डोकं सुनेच्या खांद्यावर. ती मध्येच म्हणाली, "फडकं आत ऱ्हायलं. काढा, न्हायतर साचा खराब हुईल."

मी म्हणाले, "हे माझ्यामुळं झालं. हळद लावताना माझ्याच बोटानं दोरी सुटली."

सून बाहेर बघत राहिली. मुलगा म्हणाला, "आई, आत्ता न्हाई."

नंतरही कधी ती वेळ आली नाही. दौंडच्या डॉक्टरांनी दोन बोटं काढली. तिसरं राहिलं, पण ते वाकत नाही. भाभीचा नवरा टेम्पो तसाच रस्त्यात उभा करून आला. त्यानं एवढंच विचारलं, "जाळी उघडल्यावर थांबत हुती ना? मंग थांबली कशी न्हाई?"

मुलगा म्हणाला, "मशीनमध्ये बिघाड झाला."

सून म्हणाली, "भाऊ, माझ्या सॉफ्टवेअरमध्ये चूक होती."

मी म्हणाले, "दोरी मी सोडली. पूजा करताना."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आक्का, तुम्ही बसा. पाणी प्या."

आठवड्याभरानं शिरूरचे मालक घरी आले. चांगला माणूस. दवाखान्याचं सगळं त्यांनीच बघितलं. मी आत चहा टाकत होते. ते बाहेर मुलाला सांगत होते की जाळीची तार सरळ मशीनच्या मोटरलाच जोडायला हवी होती. असली गोष्ट फाइलीवर सोडायचीच नसते. चूक वर्कशॉपची, पहिल्या दिवसापासूनची. आजींना मनाला लावून घेऊ देऊ नका.

मुलगा म्हणाला, "तिचं काय घेता साहेब? चौथी शिकल्याली अडाणी बाई. तिला काय कळतंय?"

चहा उतू गेला. मी तो पुसला, परत टाकला आणि बाहेर नेऊन दिला.

दोरी म्हण, चित्र काढ, पाटी काढून टाक असं मी सांगत होते तेव्हा मी अडाणी नव्हते. तेव्हा मुलगाच पाहुण्यांना सांगायचा, आमच्या आईला विचारून सॉफ्टवेअर बनतं. शाबासकी घेताना मला कळत होतं आणि बोट लागलं तेव्हा कळत नव्हतं, असं कसं होईल? मुलगा मला वाचवत होता, हे मला समजतं. पण मला तो शब्द जेवढा लागला त्याहून जास्त हे लागलं की ऐकून आधी मला हलकं वाटलं. क्षणभर का होईना, मी मनात म्हणाले, खरंच की, मला काय कळतंय. मालक म्हणाले ते खरं आहे. तार सरळ जोडलेली असती तर माझ्या हळदीनं काही झालं नसतं. आणि काचेवरून ओढली ती बोटं माझी होती, हेही तेवढंच खरं आहे.

सुनेशी मी एकदाच बोलले. म्हणाले, "तू नको म्हणत हुतीस. मीच तुला ती पाटी काढाया लावली."

ती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "तुम्ही सांगितलंत. काढली मी. डिप्लोमा माझा आहे."

"तरीबी."

"आत्या, तुम्ही सगळं घेतलंत तर मला काय राहील? माझं मला राहू द्या." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही, मीही नाही. एका घरात दोघी आपापलं घेऊन वावरत होतो.

भाभी घरी आली तशी मी रोज सकाळी तिच्याकडं जायला लागले. भाकरी थापून द्यायची, केस विंचरून वेणी घालून द्यायची. तिचे केस दाट आहेत आणि ती मान स्थिर ठेवत नाही.

"आक्का, वढू नका. बोटं गेली, आता केस बी नेताय व्हय?"

ती असं बोलली की मी नुसती वेणी घालत राहायचे. पूर्वी मी तिला एकाला दोन ऐकवत होते. ते तिच्या लक्षात आलं.

"तुम्ही बोलत का न्हाई? मला लई कंटाळा येतो."

"काय बोलू?"

"पूर्वी बोलायचा त्येच. माझ्या नवऱ्याच्या टेम्पोला नावं ठेवायचा."

एकदा वेणी झाल्यावर मी तिच्यासमोर येऊन बसले आणि विचारलं. मला फिरवून बोलता येत नाही. म्हणाले, "भाभी, तू मला माफ केलंस का न्हाई ते सांग."

तिनं हात ओढणीत घेतला. तो ती सारखा ओढणीत ठेवायची. म्हणाली, "केलं म्हणलं तर तुम्ही उद्यापासनं यायच्या न्हाई. मंग भाकरी कोण थापणार?"

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. मीही परत विचारलं नाही.

कोपऱ्यात सुईदोऱ्याचा डबा होता. डाव्या हातानं ओवायचा तिनं प्रयत्न केला होता, कारण डब्याबाहेर पाचसहा झेंडू चुरगळून पडले होते. मी ते झाडून काढले. ती बघत होती.

थंडी सरली तेव्हा सुनेनं नवं तयार केलं. आमच्या मशीनला जाळीची तार सरळ मोटरला जोडून झाली होती, आधीच. आता जाळी उघडली की स्क्रीन काहीही म्हणो, वीजच तुटते. चित्रात जाळीची दोरी अजून होती, पण ती आता बोटानं सुटत नव्हती, तिथं कुलपाचं चित्र काढलं होतं. बाकीच्या दोऱ्या सुटत होत्या, आणि बदल केला की ती जुनी पाटी परत येत होती.

सुनेनं पाटावर लॅपटॉप ठेवला. मी भाजी निवडत होते.

"आत्या, बघा."

"अडाणी बाईला कशाला बसवतीस?"

"अडाणी मी म्हटलं नव्हतं. म्हणणारा तुमचा मुलगा. त्याच्यावर राग धरा."

"मी हात लावणार न्हाई."

ती उठली. लॅपटॉप काखेत मारला आणि पायात चपला घालून सरळ भाभीच्या घरी गेली. मला वाटलं, ही काय करतीय. मी मागोमाग गेले. भाभी ओट्यावर उन्हात बसली होती. सुनेनं तिच्यापुढं लॅपटॉप ठेवला आणि मला विचारायची तसंच तिला विचारलं, "भाभी, यातलं काय कळतंय ते सांगा."

मी म्हणाले, "अगं, तिला कशाला?"

भाभी म्हणाली, "का? मला डोळं न्हाईत?"

तिनं डावा हात पुढं केला. आतापर्यंत ती असल्या काचेला कधी शिवली नव्हती. डब्याची दोरी ओढायला गेली तर तिचा हातच चित्रावर आडवा आला, दोरी दिसेना. ती म्हणाली, "सगळं उजव्या हाताच्या माणसासाठी केलंय." सुनेनं लिहून घेतलं. मग तिनं वडी जाड केली आणि पाटी वर आली, 'हा बदल कायम करायचा आहे का?'

भाभीनं हो दाबलं. लगेच.

सून म्हणाली, "वाचलंत का?"

"न्हाई. काय हुतं?"

सून कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, "पाटी काढली तर असं होतं आणि ठेवली तर कुणी वाचत नाही. मी विचारू तरी काय?"

भाभीनं उजवा हात ओढणीतून बाहेर काढला आणि लॅपटॉपच्या बाजूला ओट्यावर ठेवला. उघड्यावर तो हात मी पहिल्यांदाच नीट बघितला. दोन बोटांच्या जागी कातडी ओढून शिवलेली, आणि तिसरं ताठ. म्हणाली, "विचारायचं तर हे विचार, आत कुणाचा हात हाय का म्हणून."

सुनेनं तिथंच ओट्यावर बसून तेवढे शब्द बदलले. मग भाभी मला म्हणाली, "आक्का, आता तुम्ही."

"मी न्हाई."

"बसा. तुमच्याशिवाय झालं तर नंतर म्हणाल, मला इचारलं न्हाई."

मी बसले. वडी पातळ केली. पाटी आली. 'आत कुणाचा हात आहे का?' मी ती अक्षर अक्षर लावून पूर्ण वाचली. भाभीचा हात शेजारी ओट्यावरच होता. मी 'नाही' दाबलं. टिक झालं.

सुनेला म्हणाले, "तो टिक काढून टाक."

भाभी म्हणाली, "ऱ्हाऊ दे तो. मला ऐकाया बरा वाटतो." मला बोचावं म्हणून म्हणाली की खरंच बरा वाटतो म्हणून, ते मला कळलं नाही. टिक राहिला.

आता ती पाटी शिरूरहून जाणाऱ्या सगळ्या मशीनवर असते, असं सून सांगते. कुठल्याशा डेअरीवाल्यानं तक्रार केली म्हणे, असलं अभद्र काय लिहिलंय. सुनेनं बदललं नाही. या खंडेनवमीला मी हळद-कुंकू चुलवणाला लावलं, कोयत्यांना लावलं आणि मशीनच्या पायाला लावलं. स्क्रीन काळाच ठेवला. मशीन रुसायची असेल तर रुसू दे. हार बाजारातून आणला. सैल ओवलेला होता, दुपारपर्यंत सुटला.

भाभी परत कामावर आली. ती आता पेट्या भरते, डाव्या हातानं. वेणी अजून मीच घालते. साचा पुसायचं काम मी मागून घेतलं. मुलानं खूप आरडाओरडा केला, या वयात कशाला म्हणून. मी ऐकलं नाही. जाळी उघडते, वीज गेल्याचा आवाज ऐकते आणि ओलं फडकं घेऊन हात आत घालते. दर वेळी भाभी पेटी भरायची थांबते आणि माझा हात बाहेर येईपर्यंत बघत राहते. मला तिच्याकडं बघायचं धाडस होत नाही.

माझी दहाही बोटं जागेवर आहेत. हात मशीनखाली गेला तो भाभीचा, मशीन थांबवली ती भाभीनं, आणि ते घेऊन जगते ती भाभी.